एकोणतीस फेब्रुवारी नामंजूर

आमच्या घरमालकांचं देवाशी फारसं येणंजाणं नव्हतं. त्यांचा सगळा व्यवहार ख्रिस्ती संतांशी. देव म्हणजे त्यांच्या लेखी रेल्वे बोर्ड. तो दिल्लीत बसतो, धोरणं ठरवतो. आपल्या गळक्या नळाची आणि दुखऱ्या गुडघ्याची तक्रार त्याच्याकडे नेली तर ती फिरून खालच्याच साहेबाकडे येते. मग सरळ खालच्या साहेबालाच का धरू नये, असं ते म्हणायचे. गळ्यासाठी एक संत, डोळ्यांसाठी एक, हरवलेल्या चाव्यांसाठी एक. प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि हद्दीबाहेरचं काम कोणाला सांगायचं नाही.

आयुष्यभर ते मनमाडला तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला त्यांनी ही दुमजली इमारत बांधली, खाली स्वतः राहिले आणि वर भाडेकरू ठेवले. सगळी इमारत त्यांना अंकल म्हणायची. ते पुरुषांना मिस्टर म्हणत आणि बायकांना मॅडम, आणि दोघांकडेही ‘तिकीट दाखवा’ अशा नजरेनं बघत.

त्र्याण्णव साली मी सातपूरच्या एका कारखान्यात लागलो आणि बायकोला घेऊन खोली बघायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मटणमासे चालतात का हेही विचारलं नाही. जन्मतारीख विचारली. मी नऊ फेब्रुवारी सांगितली. त्यांनी डोळे मिटले.

“अपोलोनिया,” ते म्हणाले. “दातांची.”

मला वाटलं एखाद्या डॉक्टरीणबाईंबद्दल बोलताहेत. मग त्यांनी आत नेऊन चित्र दाखवलं. हातात पक्कड, पक्कडीत दात, आणि चेहऱ्यावर काही विशेष घडलं नसल्याचा भाव. या बाईंचे दात पाडून त्यांचा छळ केला होता, म्हणून दातदुखीचं खातं त्यांच्याकडे. इमारतीत दातांचं कोणी नव्हतं, त्यामुळे खोली मला मिळाली. बायकोची तारीख एकवीस जानेवारी निघाली. ती संत अग्नेसची, कुशीत कोकरू घेतलेल्या कोवळ्या मुलीची. अंकलनी माझ्या बायकोकडे नीट बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाले, “बघू.”

पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचा ट्रकड्रायव्हर सुजलेला गाल धरून आमच्या दारात उभा राहिला. अंकलनी माझ्याकडे पाठवलं होतं. मी घरात होतं ते लवंगेचं तेल दिलं, त्याला उतार पडला, आणि त्या दिवसापासून माझी नेमणूक कायम झाली. मी कारखान्यात बेअरिंग तपासायचो आणि घरी दाढा.

जानेवारी ते मार्च हे दिवस त्या घरात सगळ्यात कठीण जायचे. नाताळ उरकला की माणसं दमून बसतात; अंकलना तेव्हा हुरूप यायचा. बैठकीच्या खोलीत संतांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या असत. ज्याचा सण असेल तो मधल्या खिळ्यावर यायचा आणि त्याला झेंडूची माळ मिळायची. ज्यानं काम केलं नाही, तो भिंतीकडे तोंड करून. त्याला ते सस्पेंड म्हणत. एका वर्षी गळ्याचा संत ब्लेज त्याच्या स्वतःच्या सणाच्या दिवशी सस्पेंड होता, कारण अंकलचा खोकला डिसेंबरपासून हटला नव्हता. त्या सणाला चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून लोकांच्या गळ्याला लावतात आणि आशीर्वाद देतात. चर्चमध्ये न जाणाऱ्या आम्हा भाडेकरूंसाठी अंकल तो विधी जिन्यात उभे राहून स्वतः करायचे. चर्चमध्ये मेणबत्त्या न पेटवता धरतात. अंकल पेटवून धरायचे, कारण विझलेल्या सिग्नलचा उपयोग काय? ट्रकड्रायव्हरचा मफलर त्यातच गेला.

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण सहा जानेवारीला. त्या दिवशी प्रत्येक दारावर खडूनं साल आणि तिन्ही राजांची आद्याक्षरं लिहायची. पोलिओचे डोस घरोघर द्यायला सुरुवात झाली त्या वर्षी, त्याच महिन्यात आरोग्य खात्याच्या बाई आल्या, दारांवरच्या खडूच्या खुणा बघितल्या, इथं झालेलं दिसतंय म्हणाल्या आणि पुढच्या गल्लीत गेल्या. इमारतीतल्या आया पोरांना न्हाऊमाखू घालून वाट बघत बसल्या. दुपारी अंकलच्या बायकोच्या, आंटींच्या, लक्षात आलं. त्या ओलं फडकं घेऊन वर आल्या, एकेक दार पुसलं, आणि चौकापर्यंत चालत जाऊन त्या बाईंना परत घेऊन आल्या. डोस झाले. संध्याकाळी अंकलनी सगळी दारं पुन्हा लिहिली आणि राजांचा अपमान कोणी केला म्हणून जिन्यात उभं राहून चौकशी केली. आंटी आत भाकरी थापत होत्या. 

आंटींबद्दल सांगायचं तर संत अंकलचे आणि स्वयंपाक आंटींचा, अशी त्या संसाराची वाटणी होती. प्रत्येक सणाला वेगळा पदार्थ लागायचा, आणि जानेवारीत सणाशिवायचा दिवस शोधावा लागे. त्या मनमाडच्या रेल्वे कॉलनीतल्या, इंजिन ड्रायव्हरची मुलगी. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, बोलणं बेताचं. खालच्या ओट्यावर मटार सोलताना गाडीच्या आवाजावरून कुठली गाडी आणि किती डबे, हे सांगायच्या. अंकल मध्येच दुरुस्त करायचे. गाडी आल्यावर आंटींचंच बरोबर निघायचं आणि त्या पुन्हा मटार सोलायला लागायच्या.

व्हॅलेंटाइनचं प्रकरणही सांगायला हवं, कारण त्यानंतर अंकलचं नाव शहरभर झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉलेजरोडला बदामांची शुभेच्छापत्रं विकायला आली आणि पाठोपाठ ती जाळणारी पोरंही आली. अंकलना दोघांचाही संताप आला. संत व्हॅलेंटाइन फेफऱ्याचा आणि मधमाश्यांचा. त्याचा या चाळ्यांशी काय संबंध? शिवाय चर्चनं नव्या यादीतून त्याचा दिवस कमी केला होता, तेही अंकलना मान्य नव्हतं. मेल्यावर माणसाची बदली होऊ शकते, नोकरी जाऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. चौदा फेब्रुवारीला ते छत्री घेऊन दुकानासमोर उभे राहिले. आधी आतल्या जोडप्यांना उपास करायला सांगितला. मग बाहेरच्या पोरांना फेफरं आणि मधमाश्या समजावून सांगितल्या. पोरांनी पुष्कळ वेळ ऐकून घेतलं. शेवटी त्यांच्यातल्या एकानं विचारलं, “काका, मग जाळायचं का नाही जाळायचं?”

अंकलनी विचार केला आणि निकाल दिला की, जाळा, पण संताचं नाव आधी कापून घ्या. दुकानदाराकडून कात्री मागवली. मग अंकल आणि ती पोरं फुटपाथवर मांडी घालून बसली आणि एकेका कार्डावरून व्हॅलेंटाइन कापू लागली. दहावीस कार्डं झाल्यावर पोरांना कंटाळा आला, भूक लागली, ती निघून गेली. दुकान वाचलं. दुकानदार अंकलना पाया पडायला आला, तर त्यालाही त्यांनी उपास सांगितला.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. इमारतीतली माणसं संध्याकाळी जिन्यात जमली की अंकलचा आजचा किस्सा ऐकायचा, हा आमचा टीव्हीपेक्षा चांगला कार्यक्रम होता. त्यातलं न हसण्यासारखं काही असेल, ते आंटी सांगत नव्हत्या, त्यामुळे आम्हाला कळत नव्हतं.

एकदाच थोडं कळलं होतं, व्हॅलेंटाइनच्याही आधी, शहाण्णव साली. एका सकाळी आंटी आमच्याकडे आल्या आणि बायकोला म्हणाल्या, आज माझा वाढदिवस, साखर दे थोडी तोंडात टाकायला. तारीख होती एकोणतीस फेब्रुवारी. बायकोनं विचारलं, घरी काही केलं नाही का? तर नाही, कारण ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला होता. राखेचा बुधवार उलटून आठवडा झाला होता आणि त्या काळात घरात गोडधोड, मटण, काहीच नाही. अंकलनी पुढच्या वेळी बघू म्हणून सांगितलं होतं, गाडी रद्द झाल्याचं सांगतात त्या आवाजात. पुढची वेळ चार वर्षांनी. मधल्या वर्षी अठ्ठावीसला का करत नाही, असं बायकोनं विचारल्यावर आंटी म्हणाल्या, “अठ्ठावीस माझी नाही म्हणतात. दुसऱ्याच्या सीटवर बसायचं नाही.”

बायको त्या दिवशी अंकलशी बोलली नाही. नंतरही पुष्कळ दिवस बोलली नाही. अग्नेसच्या कोकरावरची तिची नेमणूक ‘बघू’वर अडली होती, ती त्याच वेळी रद्द झाली.

मग आलं दोन हजार साल. कारखान्यात आमचे साहेब संगणकाच्या काळजीनं वाळले होते, पण अंकलना त्याचं काही नव्हतं. त्यांना निराळंच काही आठवलं होतं. त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्यांनी लहानपणी ऐकलं होतं की, एकोणीसशे साली एकोणतीस फेब्रुवारी आलाच नव्हता. पोप ग्रेगरींनी नियमच केला होता, शतकाच्या वर्षी तो दिवस गाळायचा. मग दोन हजार साली कसा येईल? सरकार चुकलं, छापखाने चुकले, सगळी दुनिया चुकली. अंकलनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पांढरा कागद चिकटवला आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही, म्हणून पत्रकारांच्या संताला सस्पेंड केलं.

दूधवाल्याला त्यांनी सांगितलं, त्या दिवशी दूध नको, असा दिवसच नाही. दूधवाला सिन्नरकडचा. तो म्हणाला, “मला चालंल साहेब, पण म्हशीला कोन सांगनार?”

नवीन आलेले फादर समजूतदार होते. त्यांनी अंकलना बोलावून घेतलं आणि पोपच्या नियमाचा उरलेला अर्धा भाग पुस्तकातून काढून दाखवला. शतकाचं वर्ष गाळायचं खरं, पण चारशेनं भाग जात असेल तर गाळायचं नाही, आणि दोन हजारला जातो. अंकल घरी येऊन म्हणाले, फादर तरुण आहेत, हल्ली फादर घडवायच्या शाळेत, सेमिनरीत, गिटार शिकवतात.

जानेवारीत आमच्याकडे सत्यनारायण होता. पंचवटीतून गुरुजी आले होते. प्रसाद घेताना अंकलनी त्यांना विचारलं, तुमच्यात तिथी गाळतात का? गुरुजींनी सांगितलं, गाळतात, क्षय तिथी म्हणतात. अंकल खूश झाले. आमच्यात यंदा तसा तारखेचा क्षय आहे, असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा शिरा घेतला. माझी बायको समोरच उभी होती.

“आमच्यात अधिक महिनाही येतो, अंकल,” ती म्हणाली. “तो घ्या की.”

त्या वर्षी आंटींना साठ वर्षं पूर्ण होत होती. प्रायश्चित्तकाळ आठ मार्चला सुरू होणार होता, तेव्हा तीही अडचण नव्हती. त्यांनी एकदाच विचारलं होतं, इमारतीला मटणाचं जेवण घालू आणि एक केक आणू. अंकलनी कॅलेंडरवरच्या पांढऱ्या कागदाकडे बोट केलं. एक मार्चला बघू म्हणाले. आंटींनी वाद घातला नाही. आमच्याकडे येऊन बायकोला फक्त एवढं म्हणाल्या, “एक मार्च कोणाचाही असतो गं.”

एकोणतीस तारखेला, मंगळवारी, माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मी घरी होतो. बायको पहाटे आवरून कुठेशी जाऊन आली आणि विचारलं तर भाजी आणायला गेले होते म्हणाली. हातात भाजी नव्हती, फलाटाचं तिकीट होतं. दहाच्या सुमारास खालचा फोन वाजला. मग अंकलचा आवाज आला, “मिस्टर, खाली या.” इतका हलका आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

फोन मनमाड स्टेशनच्या तिकीट तपासनिसाचा होता. अंकलच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा. त्यानं घाबरत घाबरत सांगितलं होतं की, आंटी विनातिकीट आल्या आहेत, दंड भरत नाहीत, आणि सोडून देतो म्हटलं तर जातही नाहीत. तुम्हाला बोलवा म्हणतात.

मी पाळी बुडवली आणि त्यांच्याबरोबर गेलो. गाडीत अंकल आमची दोघांची तिकिटं पुन्हा पुन्हा तपासत बसले. त्यांच्या नोकरीत त्यांनी एकही फुकट्या सोडला नव्हता, ही त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट. त्यांच्या लग्नाला नाशिकला येताना आंटींचा सख्खा भाऊ गडबडीत तिकीट न काढता चढला होता, तर अंकलनी नवरदेवाच्या कोटातच त्याचा दंड वसूल केला होता. ही गोष्ट ते आम्हाला दरवर्षी सांगायचे. आंटी तिथंच बसलेल्या असायच्या.

मनमाडला तपासनिसांच्या खोलीत आंटी बाकावर बसल्या होत्या. जांभळी रेशमी साडी, केसांत अबोली, हातात चहाचा कप. जुन्या ओळखीचे दोघंतिघं रेल्वेवाले दाराशी उगीच रेंगाळत होते. तो तरुण तपासनीस उभा होता, जसा काही दंड त्यालाच झाला होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की, आंटी गाडीतून उतरून सरळ त्याच्याकडेच आल्या आणि तिकीट नाही म्हणाल्या. त्यानं हात जोडले, नाताळात तुमच्या घरी जेवलोय, जा तुम्ही. तर म्हणाल्या, तुझ्या साहेबांनी कधी कोणाला सोडलं होतं का?

अंकल दारातच थांबले. निवृत्त रेल्वेवाल्यांच्या बायकांनाही फुकट प्रवासाचा पास असतो. “पास कुठाय?” त्यांनी विचारलं.

“घरी,” आंटी म्हणाल्या. “पासावर प्रवासाची तारीख घालावी लागते. कोणती घालू, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

 बाहेर एक मालगाडी जात होती. आंटींनी सवयीनं तिचे डबे मोजले. मग अंकलनी त्या मुलाला दंडाची पावती फाडायला सांगितली, आणि दबक्या आवाजात म्हणाले, एक मार्च घाल.

“नोकरी जाईल, साहेब,” तो म्हणाला.

अंकल माझ्याकडे वळले, पण माझं खातं दातांचं होतं.  आंटींनी चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला आणि पदर सारखा केला. त्यांना कसलीच घाई नव्हती. आज मला वाटतं, त्या तिथं संध्याकाळपर्यंत बसल्या असत्या, उद्यापर्यंतही बसल्या असत्या, आणि पोलिसांकडे दिलं असतं तर तिथंही तशाच बसल्या असत्या.

अंकलनी पैसे काढले. मुलानं पावती लिहिली आणि पुढे केली. आंटी म्हणाल्या, सही यांची घे, खाली तारीख यांच्या हातानं. नियमात असलं काही नव्हतं. मुलालाही ठाऊक होतं, अंकलना तर होतंच. पण दाराशी त्यांच्या बरोबरीचे लोक उभे होते. अंकलनी खिशातलं पेन काढलं, सही केली. मग पेन कागदावर तसंच धरून राहिले. शेवटी त्यांनी एकोणतीस लिहिलं, दोन लिहिलं आणि दोन हजार लिहिलं. मोठ्या, स्वच्छ अक्षरात, जसं ते आयुष्यभर लिहीत आले होते तसं.

आंटींनी पावती वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि उठल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “ताईकडे मटण शिजलंय.”

रेल्वे कॉलनीत त्यांच्या बहिणीचं घर होतं. पंगत तयार होती, केकही होता, आणि त्यावर पंधरा मेणबत्त्या होत्या, कारण बहिणीच्या मते आंटींचे वाढदिवस तेवढेच आले होते. आंटी पुष्कळ हसल्या त्या दिवशी. मी त्यांना इतकं बोलताना प्रथमच बघत होतो. लोको शेडच्या, वडिलांच्या, कोळशानं माखलेल्या कपड्यांच्या गोष्टी. अंकल कोपऱ्यात बसून खाली मान घालून जेवले. मटण मात्र दोनदा घेतलं.

परतीची तिकिटं अंकलनी खिडकीत रांग लावून काढली, तिघांची. गाडी रिकामी होती. मी आणि अंकल एका बाकावर, आंटी समोर खिडकीशी. मनमाड मागे पडल्यावर अंकल माझ्याकडे झुकले.

“मिस्टर, चारशेचा नियम मला माहीत होता,” ते म्हणाले. “फादरनी दाखवला तेव्हाच पटला होता.”

 मग इतके दिवस हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं.

“तोंडातून गेलं होतं ना एकदा.”

आंटी बाहेरच बघत होत्या. मला वाटलं गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसेल. पण गाडीच्या आवाजातलंच त्यांना सगळ्यात चांगलं ऐकू यायचं.

“मला फादरनी तेव्हाच सांगितलं होतं, यांनी नियम वाचलाय म्हणून,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “हे न कळून म्हणत असते, तर मी घरीच बसले असते.”

अंकल उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. लासलगाव आलं, कांद्याचा वास आत आला, माणसं चढली, उतरली. आंटींनी पर्समधून केकचा तुकडा काढला, कागद सोडवला, अर्धा मला दिला आणि अर्धा सावकाश स्वतः खाल्ला. निफाड गेलं तरी अंकल दाराशी उभेच होते. आत हवी तेवढी बाकं रिकामी होती.